घाडी मास्तरांचा दोर

घाडी मास्तर गेला तेव्हा शाळेत शोकसभा झाली. शिकलेली माणसं बोलली. एकजण म्हणाले, शांत स्वभावाचे होते. दुसरे म्हणाले, सगळ्यांशी मिळूनमिसळून असायचे. मी मागे दाराजवळ उभा होतो, तिथेच मला राहवेना. ज्या माणसाच्या आवाजाने समोरच्या चाळीच्या कौलांवरची कबुतरं उडायची, तो शांत? आणि मिळूनमिसळून? आमच्या लालबागेतल्या निम्म्या लोकांनी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं आणि उरलेल्यांशी त्याने. म्हणून हे लिहायला बसलो. मी चौथीपर्यंत शिकलेला, जन्मभर त्याच शाळेचा शिपाई. पण घंटा मी वाजवली म्हणून ही सगळी शिकली, हे कोणी विसरू नये.

शाळेच्या फाटकाच्या आत मी त्याला अहो मास्तर म्हणायचो, फाटकाबाहेर अरे घाडी. इथे फाटकाबाहेर उभा राहून बोलतो आहे असं समजा.

घाडी पी.टी.चा मास्तर. बुटका, मान खांद्यात रुतलेली, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. वर्गावर्गांतले उरलेले खडूचे तुकडे मी गोळा करून त्याला द्यायचो. ते भिजवून रविवारी तो बुटांना लावायचा. सोमवारी चालला की मागे पांढरी पावलं उमटायची आणि ती पुसायची मला. त्यावरून आमचं दर सोमवारी वाजायचं.

शिक्षकांच्या खोलीत त्याच्या नावाची खुर्ची होती, पण तिच्यावर त्याला बसलेला कोणी पाहिला नाही. चहा तो माझ्याबरोबर पाण्याच्या टाकीजवळच्या पायरीवर घ्यायचा. एकदा मी विचारलं, "खुर्ची काय चावते काय हो तुम्हाला?"

"खुर्चीत बसलो की माणूस सभ्य होतो," तो म्हणाला. "मग ओरडवत नाय."

खरं कारण मला ठाऊक होतं. गणिताचे, इंग्रजीचे मास्तर त्याला आपल्यात धरायचे नाहीत. पी.टी.चा तास म्हणजे त्यांच्या हिशेबी पेपर तपासायला मिळालेली सवड. हा त्यांच्यात बसला असता तर भांडण ठरलेलं. त्यापेक्षा बाहेर राहिलेला बरा.

माझी त्याची ओळखच भांडणाने झाली. शाळेत लागून आठवडा झाला नव्हता आणि मला हुकूम सोडतो, "ए, फाटक लाव!" मी म्हटलं, "मी हेडमास्तरांचा शिपाई आहे, तुमचा नाय. शब्दात सांगा, हुकमात नको." त्याने स्वतः जाऊन फाटक लावलं. दुसऱ्या दिवशी मी येण्याआधी येऊन मैदान झाडून ठेवलं. मी आलो तर झाडू माझ्या हातात देऊन म्हणाला, "गोविंदराव परब, आता माझ्यावर रागवाक कारण उरला नाय मां?" मालवणी ऐकली आणि माझा राग गेला. त्याचं गाव आमच्या गावापासून एका खाडीपलीकडे निघालं.

त्याची एक खोड होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. तो कुठल्याही पोराला आडनावाने हाक मारायचा नाही. आमच्या गिरणगावात पोराला पहिला प्रश्न, गाव कुठलं? दुसरा, बाप कुठल्या गिरणीत, कुठल्या खात्यात? एवढं कळलं की पोराचं सगळं कळलं असं आम्ही धरून चालायचो. नव्या आलेल्या एका बाईंनी मैदानावर एका मुलीला विचारलं, "वडील काय करतात गं?" घाडी लांबून ओरडला, "बाई, कवायत पोरीला करायची आहे, बापाला नाय!" बाईंना ते लागलं. हेडमास्तरांकडे तक्रार गेली. याने माफी मागितली नाही, आणि सवयही सोडली नाही.

आता दोराचं. गणपती विसर्जनाला आमच्या मंडळाची मिरवणूक लालबागेतून निघून भायखळ्यावरून गिरगावच्या चौपाटीपर्यंत जायची. मूर्तीभोवती कार्यकर्ते जाड दोराचं रिंगण धरून चालतात. आत मूर्ती, ढोलवाले, बायापोरं, बाहेर लोटलेली गर्दी. दोर ढिला पडला की गर्दी आत घुसते आणि माणसं चेंगरतात. आमच्या दोराचा मुख्य घाडी. कितीतरी वर्षं. तो पुढे उलटा चालायचा, तोंड दोराकडे, पाठ रस्त्याकडे, आणि ओरडायचा, "ताण! ताण!"

एका वर्षी भायखळ्याला एक खिसेकापू दोराच्या आत सापडला. कार्यकर्तेच त्याला तुडवायला धावले. घाडीने त्यांना अडवलं. म्हणाला, "दोराच्या आत आहे तोवर तो गणपतीचा माणूस. हात लावायचा नाय." त्या चोराला त्याने चौपाटीपर्यंत आपल्या बाजूला चालवला. चोर वाटभर ढोलाच्या तालावर टाळ्या वाजवत होता. चौपाटीवर मूर्ती पाण्यात गेल्यावर दोर सोडला आणि मग चोराला हवालदाराच्या हातात दिलं. तेव्हापासून आमच्याकडे तो नियमच झाला. दोरातल्या माणसाला कोणी हात लावत नाही.

मग गिरण्यांचा संप झाला.

संपाचं काय सांगू? ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून कळायचा नाही. भर दुपारी चाळीच्या गॅलरीत जाणते पुरुष आडवे पडलेले असायचे आणि बायका पोरांना आवाज करू नका म्हणून दटावायच्या. माझा धाकटा भाऊ बबन गिरणीच्या साचेखात्यात, मागांवर होता, आमच्या मंडळाचा सेक्रेटरी, संपात पुढे. मी शाळेचा पगारदार, म्हणून दोन्ही घरं माझ्या चुलीवर आली. त्याचं मला ओझं नव्हतं. मी संपाच्याच बाजूचा होतो आणि आजही आहे.

शाळेत पोरं उपाशी यायला लागली. एके दिवशी कवायतीत एक मुलगी उभ्या उभ्या कोसळली. घाडीने तिला उचलून माझ्या पायरीवर निजवली. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या तासाला धावणं बंद. पोरं वडाच्या सावलीत बसून राहायची. हेडमास्तर आले. "घाडी, हे काय चाललंय? पी.टी.च्या तासाला मुलं बसून काय करतात?"

"श्वास घेतात, सर."

"तो काय व्यायाम झाला?"

"सध्या तेवढाच परवडतो."

हेडमास्तर गेले. घाडीचं तोंड मी पाहिलं. तो रागावला की त्याच्या गालातली एक शीर उडायची. ती शीर संपभर उडत राहिली.

दुसरं वर्ष लागलं तेव्हा काही लोक फुटले. आमच्या चाळीतला भिवा राणे त्यातला. पोलिसांच्या गाडीत बसून गिरणीत गेला आणि आतच राहू लागला, आतच जेवायचा, आतच निजायचा. इकडे त्याच्या दाराला चपलांची माळ लागली. ती कोणी लावली ते मला माहीत आहे, सांगणार नाही. नळावर त्याच्या बायकोची कळशी कोणी पुढे घेऊ देईना. मीही त्या घराशी बोलणं बंद केलं. आज माझ्या नातवंडांना ते कठोर वाटतं. वाटू दे. शेजाऱ्याची पोरं उपाशी असताना मालकाच्या दारातून आत जायचं हे मला आजही पटत नाही. राणे चुकला, आणि हे मी घाडीच्या तोंडावरही म्हणायचो. तो म्हणायचा, "चुकलाच. मी कधी नाय म्हटलं?"

राणेची मुलगी रेखा आमच्याच शाळेत दहावीला. परीक्षेचं केंद्र दादरला आलं. आणि नेमक्या पहिल्या पेपरच्या दिवशी बंद पुकारला. बसगाड्या नाहीत, टॅक्सी नाही, परळच्या नाक्यावर आदल्या दिवशीच दगडफेक झालेली. शाळेत आईबापांची गर्दी झाली. पोरं दादरला न्यायची कशी? हेडमास्तर डोकं धरून बसले. तेव्हा घाडी बबनला म्हणाला, "मंडळाचा दोर काढ. पोरांना दोरात घालून नेऊया. दोराला कोण दगड मारतो बघू."

बबनला ते पटलं. सगळी पोरं संपवाल्यांचीच तर होती. विसर्जनाशिवाय तो दोर कधी कोठीबाहेर निघत नाही, पण त्या सकाळी निघाला. बबनने त्याला हळदकुंकू लावलं. आया फाटकाशी जमल्या. मंडळाच्या पोरांनी रिंगण धरलं, दहावीची पोरं आत शिरली. कोणी दहीसाखर भरवतंय, कोणी पॅड विसरलं म्हणून घरी पळतंय. एवढ्यात गल्लीच्या टोकाने घाडी आला. त्याच्याबरोबर रेखा होती.

दहीसाखर भरवणारे हात तिथेच थांबले.

"मास्तर, ही कशाला?" बबनने विचारलं.

"पेपर आहे तिचा."

"असेल. दोरात नाय घ्यायची."

"का?"

"का म्हणजे? तुम्हाला माहीत नाय? हिचा बाप आमच्या पोटावर पाय देऊन आत जाऊन बसलाय."

"मग तो आला की त्याला घेऊ नको. पेपर बाप देणार नाय, ही देणार आहे."

"मास्तर, मला शाळेतली भाषा शिकवू नका. दोर मंडळाचा आहे."

"दोर मंडळाचा," घाडी म्हणाला, "पोरं शाळेची."

रेखाने छातीशी कंपासपेटी धरली होती. ती म्हणाली, "सर, राहू दे. मी घरी जाते. पुढच्या वर्षी बसते."

"गप. आत जाऊन उभी राहा."

ती दोराखालून वाकून आत गेली. बबनने तिच्याकडे पाहिलं, घाडीकडे पाहिलं आणि हाताची मूठ उघडली. दोर रस्त्यावर पडला. त्याचं पाहून बाकीच्यांनीही सोडला. पोरं त्या पडलेल्या रिंगणात उभी. आयांमधून एकजण ओरडली, "मास्तरानू, त्या एका पोरीपायी आमच्या पोरांचं वर्ष घालवणार काय तुम्ही?" तिला कोणी गप्प केलं नाही.

घाडी बबनची मनधरणी करेल असं मला वाटलं. त्याने केली नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. हाक मारली नाही, खूण केली नाही. नुसतं पाहिलं. गालातली ती शीर उडत होती.

मी फाटकाजवळून निघालो. बबन आडवा आला. "दादा, तू हात लावलास तर मी तुझा भाऊ नाय."

मी त्याला लहानपणी खांद्यावर घेऊन विसर्जनाला नेलेला माणूस. मी वाकून दोराचं पुढचं टोक उचललं. पण एका माणसाने रिंगण धरता येत नाही. तेव्हा घाडी पोरांवर ओरडला, "बघता काय? आतून धरा!"

आतून दोर धरायची पद्धत नाही. कोणी कधी धरलेला नाही. पण पोरांनी धरला. आधी दोघातिघांनी, मग सगळ्यांनी. रेखाला मध्ये घेतलं आणि आम्ही निघालो.

मी पुढे, घाडी माझ्यापुढे उलटा चालणारा. दुकानं बंद, रस्ता मोकळा, वरच्या खिडक्यांतून लोक बघत होते. पलीकडच्या फुटपाथवरून बबन आणि त्याची पोरं आमच्या बरोबरीने चालत होती. ती थांबली की मी दोर घट्ट धरायचो, चालली की जास्त घट्ट. घाडी पोरांना इतिहासाच्या बाईंसारखा सांगत होता, "पेपर आधी सगळा वाचायचा. सोपं ते आधी लिहायचं." पोरांच्या देखत म्हणून मी म्हटलं, "मास्तर, बघून चाला, मागे खड्डा आहे." तो म्हणाला, "खड्डे माका पाठ आहेत. तू पोरांकडे बघ."

परळच्या नाक्यावर जमाव होता. पलीकडे पोलीस. जमावातल्या लोकांच्या हातात दगड होते आणि त्यांतली अर्धी तोंडं माझ्या ओळखीची. आमचं ते चमत्कारिक रिंगण पाहून ते थबकले. मग कोणीतरी ओळखलं. "अरे, ती मधली राण्याची! फितुराची पोरगी!" जमाव पुढे सरकला. एकजण दोराला हात घालण्याइतका जवळ आला. रेखा खाली बसली आणि तिने डोकं गुडघ्यांत घातलं.

"ताण!" घाडी ओरडला. तोच विसर्जनातला आवाज. "दोर ताण!"

पोरांनी दोर ताणला. आणि दोर ताणला की आमच्याकडे तोंडातून काय निघतं? जन्मापासूनची सवय. आतून कोणीतरी ओरडलं, "गणपती बाप्पाऽऽ"

आणि समोरच्या जमावातून, दगड हातात असलेल्या त्या माणसांच्या तोंडून आपसूक निघालं, "मोरया!"

निघाल्यावर सगळे एकमेकांकडे बघत राहिले. एकजण हसला, लगेच गप्प झाला. पण तो पुढे आलेला माणूस काही हसला नाही. त्याने फुटपाथवरच्या बबनला विचारलं, "काय रे बबन्या, हा तुमच्या मंडळाचा दोर ना? ती पोरगी आत कशी? आणि तू बाहेर कसा?"

बबनने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, झालं. आता हा म्हणेल, दोर आमचा नाही, करा काय ते. पण चार लोकांत आपल्या मंडळाचा दोर आपल्या हातातून गेला हे तो सांगणार कसा, तोही परबच होता. तो म्हणाला, "आमचाच आहे दोर. जाऊ दे त्यांना."

त्या माणसाने दगड फेकला नाही, पायाजवळ ठेवला. वाट झाली. रेखाला दोन मुलींनी काखेत धरून उठवलं. हिंदमातापर्यंत पोरांनी दोर ताणलेलाच ठेवला. दादरला केंद्राचं फाटक लावायला घेतलं होतं. घाडी असा ओरडला की लावणाऱ्याच्या हातातलं कुलूप खाली पडलं.

पोरं आत गेली. आम्ही समोरच्या फुटपाथवर बसलो. घाडीने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. बबन आमच्यापर्यंत आला. त्याने दोर गोळा करून खांद्यावर घेतला आणि घाडीला म्हणाला, "मी दोराची अब्रू राखली, मास्तर. तुमची नाय."

"तेवढी बस झाली," घाडी म्हणाला.

बाकीचे पेपर रेखाने दादरला मावशीकडे राहून दिले. पास झाली. राणे एका संध्याकाळी पेढे घेऊन घाडीच्या दारात आला. मी तिथेच होतो. घाडी दारातून बाजूला झाला नाही. "पेढा पोरीच्या हातून पाठव," म्हणाला, "तुझ्या हातचा माका चालणार नाय." राणेचं तोंड उतरलं. म्हणजे बघा, संपवाले याला फितुरांचा म्हणत आणि फितुरालाही याने आपला म्हटलं नाही. रेखा एकदा येऊन पेढा देऊन गेली. पुढे लग्न होऊन डोंबिवलीला गेली. परत काही आली नाही, आणि ती यावी असं घाडी कधी म्हणालाही नाही.

त्या भाद्रपदात मंडळाच्या बोलावण्याची सुपारी त्याच्या दारी आली नाही. पुढेही कधी आली नाही. दोराला दुसरा मुख्य नेमला. वाण्याकडे, सलूनमध्ये लोक त्याच्याशी तुटक बोलायचे. अनंत चतुर्दशीला शाळेला सुट्टी, तरी हा यायचा. मी फाटक उघडून द्यायचो. बाहेर रस्त्यावरून ढोल जात असायचे आणि हा रिकाम्या मैदानावर वाकून चुन्याच्या फक्कीने खो-खोची रेघ मारत असायचा. रेघ वाकडी आली की पायाने पुसून पुन्हा मारायचा. मी एकदा म्हटलं, "चला, नुसतं बघायला तरी जाऊ." तो म्हणाला, "मी बघणारा नाय रे."

बबन गिरणीत परत गेला नाही, गिरणीच राहिली नाही. नंतर तो कुठे कुठे वॉचमन होता. माझ्याशी तो कितीतरी वर्षं बोलला नाही. आईच्या तेराव्याला बोलला, तेही पंगतीत मीठ मागायला. पण त्याचा मुलगा पाचवीला आमच्याच शाळेत आणला. फाटकात घाडी उभा होता. बबनने मान वळवली. घाडी पोराच्या उंचीला वाकला आणि त्याचं नाव विचारलं, फक्त नाव. त्याच वर्षी त्याला कबड्डीत घेतला. बबन ते जाणून होता.

घाडीची छाती निवृत्तीनंतर बिघडली. शेवटी परळच्या इस्पितळात होता. मी रोज भेटीच्या वेळेला जायचो. आवाज गेला होता, कुजबुजल्यासारखं बोलायचा. एका दुपारी उशी पाठीशी घेऊन बसला होता. मी नेलेली पेज दोन घोट प्याला आणि वाटी बाजूला सारली.

"गोविंदा, एक विचारू?"

"विचार."

"त्या दिवशी तू दोर उचललंस. तो त्या चेडवासाठी उचललंस, काय माझ्यासाठी?"

इतक्या वर्षांत त्याने हे विचारलं नव्हतं. खोटं बोलायचं तर तीच वेळ होती. आजारी माणूस, त्याला बरं वाटेल ते सांगून टाकावं. पण मी त्याच्याशी कधी खोटं बोललो नव्हतो.

"तुझ्यासाठी," मी म्हटलं. "त्या राण्याच्या पोरीशी माझं काही देणंघेणं नव्हतं."

त्याच्या गालातली शीर उडाली. "मगे चुकलंस," तो म्हणाला.

"चुकलो तर चुकलो. पोरगी पोचली ना पेपरला?"

"पोचली. पण तू चुकलंस." त्याला धाप लागली. ती बसेपर्यंत मी पाठीवरून हात फिरवायला गेलो, त्याने तो झटकला. वळून भिंतीकडे तोंड करून निजला. पाठ केवढीशी झाली होती.

भेटीची वेळ संपली. मी पेजेचा डबा उचलला. "उद्या येऊ ना?"

तो वळला नाही. "ये," म्हणाला. "पण उत्तर बदलून ये."

दुसऱ्या दिवशी मी गेलो. रात्रभर विचार केला होता आणि उत्तर तेच घेऊन गेलो होतो. त्याच्या खाटेवर दुसराच माणूस निजला होता.